पोलिसांची चांदमारी

इंदूर शहराबाहेर, माळव्याच्या पठारावर, रेवती नावाची एक टेकडी आहे. तिच्या कुशीत सीमा सुरक्षा दलाचे गोळीबाराच्या सरावाचे विस्तीर्ण मैदान असून, देशाच्या निरनिराळ्या सरहद्दींवर पहारा देणाऱ्या तुकड्यांतील निवडक नेमबाज तेथे स्पर्धेसाठी एकत्र येतात. लाल निशाण वर चढते, कर्णा वाजतो, आणि मग दिवसभर त्या माळावर बंदुकांचे आवाज घुमत राहतात. अशा जागेला आपल्याकडे चांदमारी म्हणतात. शब्द मोठा बोलका आहे. मातीच्या उंच बांधापुढे उभ्या केलेल्या फळीवर जो वाटोळा ठिपका रंगवलेला असतो तोच हा चांद, आणि त्यावर गोळी मारणे ती चांदमारी. महाराष्ट्रातल्या कित्येक जुन्या लष्करी व जिल्ह्याच्या गावी चांदमारी नावाचा माळ अजून दाखवतात. गोळ्यांचे आवाज तेथे कधीच थांबले, घरे उभी राहिली, नाव मात्र टिकले.

सैन्याने चांदमारी करावी हे सहज पटते. पण पोलिसांनी दरसाल नेमबाजीची स्पर्धा का भरवावी? पोलिसाचे काम चोर पकडणे, तंटा मिटवणे, गर्दी आवरणे. त्याच्या हाती लाठी दिसावी, बंदूक दिसूच नये, अशीच सामान्य माणसाची इच्छा असते. ती इच्छा चुकीची नव्हे. तरीही या स्पर्धेचा इतिहास पाहिला म्हणजे असे दिसते की पोलिसाला नेम धरता यावा की येऊ नये, हा प्रश्न राज्यकर्त्यांना वाटतो तितका सोपा कधीच गेला नाही.

आरंभ बंदुकीपासून न करता तिरकमठ्यापासून करणे योग्य ठरेल. इंदुराहून आग्नेयेस निघाले की विंध्याच्या उतरणीवर, देवास जिल्ह्यात, उदयनगर लागते. ख्रिस्ती समाजास हे गाव सिस्टर राणी मारिया यांच्यामुळे परिचयाचे आहे. आदिवासींना सावकारी पाशातून सोडवू पाहणाऱ्या या संन्यासिनीची उदयनगराहून इंदूरला निघालेल्या बसमध्ये २५ फेब्रुवारी १९९५ रोजी सुऱ्याचे वार करून हत्या झाली, आणि ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच त्यांना धन्यवादित म्हणून घोषित करण्यात आले. ज्या लोकांत त्या राहिल्या ते भिल्ल, भिलाला, बारेला, कोरकू यांचे हे रान. या भागातल्या आणि पश्चिमेकडच्या झाबुआ-अलिराजपूरच्या भिल्लांपैकी अनेक धनुर्धर बाण सोडताना अंगठ्याचा उपयोग करीत नाहीत. दोन बोटांच्या चिमटीत प्रत्यंचा धरून ओढतात. कारण विचारले तर एकलव्याचे नाव सांगतात. गुरूने जो अंगठा मागून घेतला तो पुन्हा धनुष्याला लावायचा नाही, असा तो संकेत. इतिहासाला त्याची साक्ष देता येणार नाही, पण नेम धरण्याची कला आणि सत्तेला त्या कलेचे वाटणारे भय या दोहोंची गोष्ट त्यात आहे, आणि ती पुढेही पुन्हा पुन्हा भेटते.

पेशवाई बुडाल्यावर खानदेश इंग्रजांच्या हाती आला तेव्हा सातपुड्यातले व अजिंठ्याच्या रांगेतले भिल्ल त्यांना आवरेनात. फौजा पाठवल्या, घाट अडवले, बक्षिसे लावली. उपयोग झाला नाही. अखेर १८२५ साली जेम्स औट्रम नावाच्या तरुण अधिकाऱ्याने वेगळी वाट धरली. तो भिल्लांबरोबर शिकारीला जाऊ लागला. वाघाच्या मागावर जे त्याच्या सोबत चालले त्यांच्यातल्याच मूठभर माणसांना घेऊन त्याने धरणगाव येथे खानदेश भिल्ल पलटणीचा पाया घातला. ज्याच्या बाणाची भीती होती त्याच्याच हाती सरकारी बंदूक आली, आणि डोंगरातली वाट न् वाट ठाऊक असलेला माणूस डोंगराचा राखणदार झाला. ही पलटण पुढे पोलिसांत सामावली गेली. माळव्यातही धार संस्थानाच्या शेजारी सरदारपूर येथे अशीच माळवा भिल्ल पलटण १८५७ च्या आधीच उभी राहिली होती. थोडक्यात, आपल्याकडच्या सशस्त्र पोलिसांच्या पूर्वजांत शिपायांइतकेच शिकारीही आहेत.

दरसाल ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या नियमांनी, गुण मोजून नेमबाजीची स्पर्धा घेण्याची पद्धत मात्र विलायतेहून आली. १८५९ साली फ्रेंच सम्राट तिसरा नेपोलियन स्वारी करील या धास्तीने इंग्लंडात गावोगाव स्वयंसेवकांची पथके निघाली. कारकून, दुकानदार, वकील यांनी बंदुका घेतल्या खऱ्या, पण त्यांना नेम कोण शिकवणार? त्याच वर्षी तेथे राष्ट्रीय रायफल संघ स्थापन झाला, आणि जुलै १८६० मध्ये विम्बल्डनच्या माळावर पहिली वार्षिक स्पर्धा भरली. टेनिससाठी हे नाव जगभर होण्याच्या आधीची ही हकिकत. पहिली गोळी व्हिक्टोरिया राणीने झाडली. अर्थात राणीने बंदूक खांद्याला लावली नव्हती. व्हिटवर्थ बनावटीची रायफल लोखंडी घडवंचीवर आधीच नेम धरून पक्की बसवलेली होती. राणीने फक्त रेशमी दोरी ओढली आणि चारशे यार्डांवर गोळी ठिपक्याच्या मध्याजवळ जाऊन बसली. टाळ्या पडल्या. पुढे लंडन पसरत गेले, माळाभोवती घरे झाली, म्हणून १८९० साली ही स्पर्धा बिस्ली येथे हलली. तेथे ती आजतागायत भरते. ब्रिटिश साम्राज्यात जेथे जेथे छावणी तेथे तेथे या स्पर्धेचे लहानमोठे अनुकरण झाले: तेच अंतर, तोच ठिपका, तीच गुणांची रीत.

हिंदुस्थानात मात्र या अनुकरणाला एक विलक्षण अपवाद होता, आणि पोलिसांच्या बाबतीत तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. तो समजण्यासाठी बंदुकीच्या नळीत डोकावले पाहिजे. साध्या मस्केटची नळी आतून गुळगुळीत असते. तीतून सुटलेली गोळी कशीही गडगडत जाते. शंभर पावलांच्या पुढे ती कोठे लागेल याचा भरवसा नसतो. रायफलीच्या नळीत मात्र आत पिळदार आटे पाडलेले असतात. त्या आट्यांतून जाताना गोळीला भोवऱ्यासारखी फिरकी मिळते, आणि फिरणारा भोवरा जसा उभा राहतो तशी फिरणारी गोळी आपली दिशा सोडीत नाही. सारी नेमबाजी या आट्यांवर उभी आहे. १८५७ च्या उठावाने हादरलेल्या सरकारने काय करावे? एन्फील्ड रायफलीचेच नमुने घेतले, त्यांच्या नळीतले आटे नाहीसे केले, नळी आतून गुळगुळीत करून घेतली, आणि असल्या बंदुका हिंदी शिपायांच्या हाती दिल्या. बाहेरून रायफल, आतून मस्केट. गोऱ्या सोल्जराचा नेम लागावा आणि काळ्या शिपायाचा लागू नये, याची ती कारखान्यातच केलेली तजवीज होती.

१८६१ च्या पोलीस कायद्याने पोलीस दलाला नवे रूप आले. पोलिसांच्या बाबतीत हीच सावधगिरी आणखी दीर्घकाळ टिकली. विसाव्या शतकात बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात ३०३ रायफलीवरून ४१० नावाची एक खास मस्केट तयार होऊ लागली. तिचा आकार ३०३ चाच. पण नळी गुळगुळीत, आणि पेटीत दहा काडतुसे बसण्याची जी जागा तेथे लाकडाची खुंटी ठोकलेली, म्हणजे एका वेळी एकच गोळी भरता यावी. तिचे काडतूसही बाजारात मिळणाऱ्या काडतुसांहून मुद्दाम वेगळे ठेवले, की बंदूक चोरीस गेली तरी चोराला ती निरुपयोगी व्हावी. तुरुंगाच्या पहाऱ्यावरील शिपाई, खजिन्यावरचा नाईक, जिल्ह्याच्या हत्यारी राखीव दलातले जवान यांच्या खांद्यावर ही मस्केट असे. अशा हत्याराने कसली स्पर्धा आणि कसला चांद! सरकारला पोलीस हवा होता तो दिसायला बंदूकधारी. अचूक नेमबाज हवाच होता असे नाही. परकी सत्तेच्या दृष्टीने हे शहाणपणाचेच होते. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्या हाती चांगले हत्यार कोण देईल?

स्वातंत्र्य आले आणि हा हिशेब एकदम बदलला. मुंबई प्रांताच्या पोलीस दलाचे पहिले हिंदी महानिरीक्षक होण्याचा मान नारायणराव कामटे यांना मिळाला. १९४७ पासून १९५५ पर्यंत ते त्या जागेवर होते. १९४८ साली पुण्यात राज्य राखीव पोलीस दलाचा पहिला गट उभा राहिला, आणि १९५१ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. त्याच वर्षी भारताचा राष्ट्रीय रायफल संघ स्थापन झाला. या संघाचे पहिले अध्यक्ष म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. घराणे मूळचे कोकणातले, जन्म बडोद्याचा, कर्मभूमी अहमदाबाद. सभागृहात ज्यांनी शब्दांना शिस्त लावली त्या गृहस्थांनी बंदुकीला शिस्त लावणाऱ्या संस्थेची धुरा घ्यावी हा योग मजेदार आहे. गांधीजींच्या अनुयायाने रायफल संघाचे अध्यक्ष व्हावे याचे कोणाला नवल वाटले असेल. परंतु नव्या राष्ट्राला आपले तरुण निःशस्त्र आणि भित्रे राहू द्यायचे नव्हते, एवढेच त्यावर उत्तर आहे. मावळंकर १९५६ साली निवर्तले. त्यांच्या नावाची अखिल भारतीय नेमबाजी स्पर्धा दरसाल होते, आणि राष्ट्रीय स्पर्धेकडे जाण्याची ती पायरी मानली जाते. पोलीस दलांतले नेमबाजही या पायरीवरून चढतात.

पोलिसांचा स्वतःचा अखिल भारतीय कर्तव्य मेळावा १९५३ साली सुरू झाला. एकेका वर्षी एकेका राज्याने किंवा केंद्रीय दलाने यजमान व्हायचे आणि सर्व राज्यांच्या पोलिसांनी तेथे आपले कसब दाखवायचे, अशी त्याची रीत आहे. तपासाची शास्त्रीय साधने, छायाचित्रण, श्वानपथक अशा अनेक अंगांनी हा मेळावा वाढला. पोलिसांच्या नेमबाजीच्या अखिल भारतीय स्पर्धाही निराळ्या भरतात. राज्याराज्यांतून त्यांच्या निवडीसाठी आधी परिक्षेत्राच्या, मग राज्याच्या स्पर्धा होतात. महाराष्ट्रात जिल्ह्याच्या मुख्यालयातला एखादा पोलीस शिपाई आधी आपल्या जिल्ह्यात, मग परिक्षेत्रात आणि मग राज्यात असा एकेक उंबरठा ओलांडीत राष्ट्रीय मैदानावर पोचतो.

इंदूरचे नाव या इतिहासात आले ते खुसरो फरामुर्झ रुस्तमजी यांच्यामुळे. हे पारशी गृहस्थ जन्मले नागपूरजवळच्या कामठीस, १९१६ साली. १९३८ मध्ये ते पोलीस सेवेत शिरले. काही वर्षे पंडित नेहरूंच्या सुरक्षेची व्यवस्था पाहिल्यावर १९५८ मध्ये ते मध्य प्रदेशाच्या पोलीस दलाचे प्रमुख झाले, तेव्हा चंबळच्या खोऱ्यात दरोडेखोरांनी उच्छाद मांडला होता. गब्बरसिंग नावाचा जो दरोडेखोर चित्रपटामुळे सर्वांच्या तोंडी झाला, तो खराखुरा गब्बरसिंग १९५९ च्या नोव्हेंबरात पोलिसांशी झालेल्या चकमकीत मारला गेला. दऱ्याखोऱ्यांत वाढलेला, लहानपणापासून बंदूक वापरलेला दरोडेखोर एकीकडे, आणि वर्षाकाठी मोजक्या गोळ्या झाडायला मिळणारा शिपाई दुसरीकडे, अशी ती विषम लढाई होती. १९६५ च्या युद्धानंतर त्याच वर्षी १ डिसेंबर रोजी सीमा सुरक्षा दल निघाले आणि रुस्तमजी त्याचे पहिले प्रमुख झाले. हे दल लष्कराचे नव्हे, गृहखात्याचे. म्हणजे पोलीसच, पण उभे सरहद्दीवर. त्याच्या शस्त्रशिक्षणाचे केंद्र म्हणून इंदूरची शस्त्रे व डावपेच शाळा नावारूपाला आली. अनेक राज्यांच्या पोलिसांना तेथे शिक्षण मिळते. बिजासनच्या परिसरातील त्या आवारात जुन्यानव्या हत्यारांचे संग्रहालयही आहे. मस्केटीपासून आजच्या स्वयंचलित बंदुकीपर्यंतचा प्रवास तेथे एका फेरीत पाहायला मिळतो.

आता प्रत्यक्ष चांदमारी कशी चालते ते पाहू. मैदानाच्या एका टोकाला मातीचा उंच बांध असतो. गोळ्या त्यात रुतून बसतात. बांधाच्या पुढे खोल चर खणलेला असतो, आणि त्या चरात बसलेली माणसे लक्ष्याच्या फळ्या वरखाली करतात. नेमबाज शंभर, दोनशे, तीनशे यार्डांवर ओळीने पहुडतात. गोळी लागली की चरातला माणूस लांब काठीच्या टोकावरची तबकडी उंचावून ती कोठे लागली ते दाखवतो. जुन्या रीतीत अगदी मधल्या काळ्या ठिपक्याला बुल म्हणत, त्याभोवतीच्या कड्याला इनर, त्याबाहेर मॅगपाय आणि शेवटी आउटर. मॅगपाय हा काळापांढरा पक्षी. त्या कड्यातल्या गोळीची खूण काळ्यापांढऱ्या तबकडीने दाखवत म्हणून हे नाव पडले. खेड्यातून भरती झालेल्या शिपायांनी या इंग्रजी शब्दांना आपापली रूपे दिली. फळीला गोळी लागलीच नाही तर निशाण आडवे हलते. सगळ्या मैदानाला ते दिसते, आणि नेमबाजाला ते सगळ्यांत आधी दिसते.

ज्याने कधी बंदूक धरली नाही त्याला वाटते, नेम म्हणजे डोळ्याची तीक्ष्णता. खरे पाहता डोळ्याचा भाग त्यात थोडाच. बंदुकीला मागे एक खाच असते आणि पुढे टोकाला एक बारीक कणी, जिला माशी म्हणतात. खाच, माशी आणि लक्ष्य ही तिन्ही एका रेषेत आली पाहिजेत. खाच आणि माशी यांच्यात वीस इंच अंतर धरले आणि माशी एका बाजूस केवळ एक मिलिमीटर सरकली, तर तीनशे यार्डांवर गोळी अर्ध्या मीटरहून अधिक दूर जाते. म्हणजे माणसाच्या छातीवर धरलेला नेम त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला लागू शकतो! त्यातच गोळी सरळ रेषेत जात नाही. तीनशे यार्ड कापायला ३०३ च्या गोळीला अर्ध्या सेकंदाहून थोडा कमी वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात पृथ्वी तिला सुमारे तीन फूट खाली ओढते. म्हणून अंतराप्रमाणे मागची खाच वर उचलावी लागते. वारा आडवा असेल तर त्याचा वेगळा हिशेब. हे सारे जमले तरी शेवटचा शत्रू उरतो तो स्वतःचे शरीर. श्वास घेताना छाती हलते, नाडीचा ठोका दस्त्यापर्यंत पोचतो, आणि घोडा ओढताना बोट नकळत झटका देते. चांगले उस्ताद शिकवतात ते एवढेच की श्वास अर्धा सोडून थांब, आणि घोडा ओढू नकोस, हळूहळू दाबत जा. गोळी कधी सुटली हे तुझे तुलाच कळता कामा नये. आवाजाच्या भीतीने जो आधीच डोळे मिटतो त्याची गोळी जमिनीत जाते. ही भीती उपदेशाने जात नाही. ती शेकडो गोळ्या झाडल्यावर जाते, आणि गोळ्यांना पैसे पडतात. पोलिसांच्या नेमबाजीचा अर्धा इतिहास या एका वाक्यात येतो.

परीक्षकांना एकेका गोळीपेक्षा गोळ्यांच्या झुबक्यात अधिक रस असतो, हेही सांगितले पाहिजे. पाच गोळ्या ठिपक्यापासून दूर पण एकाच मुठीत मावतील अशा लागल्या, तर तो नेमबाज चांगला आणि बंदुकीची माशी चुकीची. पाच गोळ्या चहूकडे विखुरल्या आणि त्यांतली एक नेमकी मध्यावर बसली, तर ती दैवाने बसली.

या ठिपक्याच्या नेमबाजीवर एक मोठा आक्षेप घेण्यात आला, आणि तो घेणारा पोलीसच होता. विल्यम फेअरबर्न हा इंग्रज शांघाय शहराच्या पोलिसांत होता. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात त्या बंदरात सशस्त्र गुन्हेगारी फार होती आणि पोलीस भराभर मारले जात होते. त्याने झालेल्या चकमकी तपासून पाहिल्या तेव्हा असे आढळले की त्या बहुधा अंधारात, बोळात, जिन्यावर, काही पावलांच्या अंतरावरून आणि एखाद्या क्षणात होतात. तेथे श्वास अर्धा सोडून थांबायला सवड नसते. मैदानावर पदके मिळवणारा अधिकारी त्या बोळात निरुपयोगी ठरू शकतो. म्हणून त्याने आपल्या लोकांना अंधाऱ्या खोल्यांतून, दचकवणाऱ्या आवाजांतून, अकस्मात पुढे येणाऱ्या आकृतींवर गोळी झाडायला शिकवले. अमेरिकेतही पोलिसांच्या स्पर्धांसाठी वाटोळ्या ठिपक्याऐवजी माणसाच्या आकृतीचे लक्ष्य आणि सात यार्डांपासून पन्नास यार्डांपर्यंतची अंतरे आली. झटपट गोळीबार, आडोशामागून गोळीबार, हलते लक्ष्य, हे प्रकार पुढे सर्वत्र रूढ झाले. त्यांतला एक प्रकार विशेष आहे. काही फळ्यांवर चोराचे चित्र असते आणि त्याच्या पुढ्यात ओलीस धरलेल्या माणसाचे. ओलिसाला गोळी लागली तर गुण कापले जातात. स्पर्धेतली ही एक अट पोलिसाला सैनिकापासून वेगळे करते.

तरी ठिपक्याची चांदमारी अगदी टाकाऊ ठरली असे कोणी समजू नये. मूळाक्षरे गिरवल्यावाचून पत्र लिहिता येत नाही. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे समरेश जंग यांनी २००६ च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धेत पाच सुवर्णपदकांसह सात पदके जिंकली आणि त्या स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा बहुमान मिळवला. कारखाने आणि विमानतळ राखणाऱ्या दलातला माणूस जागतिक मैदानावर असा चमकला, यात पोलीस दलांतील सरावाचा आणि संधीचा वाटा आहेच.

परंतु मोजके नेमबाज चमकले म्हणून सबंध दल नेमबाज होत नाही, आणि याची किंमत मुंबईने मोजली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या फलाटांवर दोन अतिरेकी स्वयंचलित बंदुकांनी माणसे मारीत फिरत होते. समोर होते ते लाठ्या, जुनी पिस्तुले आणि ३०३ रायफली घेतलेले पोलीस. रेल्वे पोलिसांचे निरीक्षक शशांक शिंदे तेथेच पडले. रेल्वे संरक्षण दलाचे जिल्लू यादव यांनी ३०३ ने गोळीबार केला. पण अनेकांच्या हातची हत्यारे चाललीच नाहीत. अजमल कसाबचे जगप्रसिद्ध छायाचित्र टिपणारे सेबॅस्टियन डिसोझा यांनीही पुढे सांगितले की जवळपास सशस्त्र पोलीस होते, पण त्यांनी गोळी झाडली नाही. त्यांना भित्रे म्हणणे सोपे आहे. ज्या माणसाने वर्षानुवर्षे बंदूक खांद्यावर वाहिली पण झाडली नाही, त्याच्या बोटाने त्या क्षणी आज्ञा पाळावी कशी? राम प्रधान यांच्या समितीने चौकशी केली तेव्हा आढळले की तातडीने धावून जाण्यासाठी ठेवलेल्या पथकांनाही दारूगोळ्याच्या तुटवड्यामुळे वर्षभराहून अधिक काळ गोळीबाराचा सराव मिळाला नव्हता. त्या रात्री नारायणराव कामटे यांचे नातू अशोक कामटे धारातीर्थी पडले. आणि कसाबला जिवंत पकडले ते साताऱ्याच्या मातीतल्या तुकाराम ओंबळे यांनी, गिरगाव चौपाटीजवळ, हाती बंदूक नसताना. बंदुकीची नळी आपल्या अंगावर धरून ठेवून. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. त्या शौर्यापुढे मान लवते. पण पोलिसाला असे मरावे लागले याचा हिशेब गोळ्यांच्या खरेदीच्या कागदांत कोठेतरी आहे, हेही विसरता येत नाही.

याच मुंबईत चांदमारीची दुसरी, अधिक अवघड बाजूही दिसते. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. १९५६ च्या जानेवारीत शहरात पुन्हा गोळ्या चालल्या. त्या चळवळीत शंभरावर माणसे प्राणास मुकली. तेथे आज हुतात्मा स्मारक आहे. मराठी माणूस पोलिसाच्या बंदुकीचा विचार करतो तेव्हा त्याच्या मनात ही जागा असतेच. पोलिसाला चांगला नेम शिकवावा हे म्हणणे अशा वेळी कानाला खटकते. तथापि नियम काय सांगतो ते पाहावे. जमाव पांगवताना कमीत कमी बळ वापरावे, हे तत्त्व १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. आधी इशारा, मग लाठी, मग अश्रुधूर. गोळी अगदी शेवटी, आणि तीही खाली धरून. हवेत गोळी झाडणे पोलिसांच्या नियमांत बसत नाही. लोकांना वाटते हवेत झाडली म्हणजे दया केली. पण वर गेलेली गोळी कोठेतरी खाली येतेच, आणि ती दंगलखोराऐवजी दूरच्या सज्जात उभ्या असलेल्या निरपराध माणसाला लागू शकते. कमरेखाली नेम धर ही आज्ञा पाळायची तर आधी कमरेखाली नेम धरता आला पाहिजे. ज्याची माशी एक मिलिमीटर सरकते त्याला ही आज्ञा देऊन काय उपयोग? शिवाय ज्याला आपल्या हाताचा भरवसा असतो तो घाबरून गोळी झाडण्याची शक्यता कमी. ठिपक्यावर घालवलेल्या तासांचा हा लाभ गुणपत्रिकेत दिसत नाही. अर्थात गोळी झाडण्याचा हुकूम कोण देतो आणि कशासाठी देतो, हा प्रश्न चांदमारीच्या मैदानावर सुटणारा नव्हे. तो मंत्रालयात आणि न्यायालयात सुटायचा.

३०३ रायफल आता निवृत्तीस लागली आहे. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनात तिला समारंभाने निरोप दिला; इतरत्रही तिची जागा इन्सास आणि त्याहून नव्या बंदुकांनी घेतली. काही मैदानांवर चरातल्या माणसाची तबकडी जाऊन विजेवर चालणाऱ्या फळ्या आल्या. गोळी लागताच गुण पडद्यावर उमटतात. रेवतीच्या टेकडीचेही रूप पालटले आहे. १४ जुलै २०२४ रोजी तेथे एका दिवसात बारा लाखांहून अधिक रोपे लावून जागतिक विक्रम नोंदवला गेला. ती सारी जगली तर चांदमारीच्या मैदानाभोवती रान उभे राहील.

एक रीत मात्र बदललेली नाही. स्पर्धा संपली, निशाण उतरले, पदकांची नावे पुकारून झाली, तरी कोणाला लगेच मैदान सोडता येत नाही. नेमबाज ओणवे होऊन गवतातून आपापली रिकामी काडतुसे वेचतात आणि कोठारातल्या हवालदारापुढे ओततात. तो दहा-दहाच्या ओळी लावून मोजतो. जितकी दिली तितकी परत आली पाहिजेत. एक जरी कमी भरले तरी सगळी ओळ पुन्हा गवतात उतरते, आणि अंधार पडेपर्यंत शोध चालू राहतो.